साठच्या पुढचा काटा

आण्णांनी गाडीच्या चारही चाकांना एकेक लाथ घातली, कमरेवर हात ठेवले आणि मिरजेच्या डॉक्टर लिमयांना पहिला प्रश्न विचारला, "ओझं किती घेती?"

डॉक्टर दातांचे होते. जन्मभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावलेला माणूस, आता त्यांचंच तोंड उघडं राहिलं.

"ओझं म्हणजे?"

"म्हंजे माणसं धरून. भरल्या गाडीनं घाट चढंल का?"

"चढेल की," डॉक्टर म्हणाले. "ही जरा स्पोर्टी गाडी आहे, चौगुले. माझ्या मुलानं हौसेनं घेतली होती. तो गेला कॅनडाला. दोन वर्षं नुसती झाकून ठेवलीय."

एखाद्या आजाराचं नाव ऐकावं तशी आण्णांनी मान हलवली.

गाडी होती होंडा सिटीची जुनी व्हीटेक. पांढरी, चार दारांची, दिसायला एखाद्या हेडमास्तरांची असावी अशी. आण्णांना आवडण्यासारखंच तिचं रूप होतं, आणि मी त्याच भरवशावर त्यांना कोल्हापुरातून मिरजेला घेऊन आले होते.

आण्णा म्हणजे माझे वडील, श्रीपती चौगुले. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर, त्यातली अकरा वर्षं कोल्हापूर-गगनबावडा. तीस वर्षांत एक अपघात नाही, एक खेप उशिरा नाही. त्यांच्या गाडीच्या वेगाला साठचा लॉक होता असं सगळे म्हणत. पण लॉक नव्हता त्या काळातही ते साठच्या पुढं कधी गेले नव्हते. "देवानं माणसाला जेवढी घाई दिलीया, तेवढी साठात भागती," असं त्यांचं मत. निवृत्त झाल्यावरही ते मत निवृत्त झालं नाही.

आणि मी वर्षाराणी. त्या वेळी सव्वीस वर्षांची, गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत इन्स्पेक्शनला. दिवसभर व्हर्नियर घेऊन कास्टिंग मोजायचं आणि सुताभर चुकलं की लाल खडूनं फुली मारायची. पाच वर्षं पगारातून बाजूला टाकलं होतं. आईचे गुडघे गेलेत, तिला जोतिबाला आणि कागलच्या मावशीकडं न्यायला गाडी हवी, असं आण्णांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. मी खोटं काही बोलले नाही. त्यांचं वाक्य फक्त मध्ये तोडलं नाही.

आण्णांनी गाडी चालवून बघितली. एक किलोमीटर, चाळीसच्या वेगानं, दोन्ही हात स्टेअरिंगवर. परत आले, उतरले, दार हळूच लावलं.

"शांत गाडी हाय," ते म्हणाले. "धक्का न्हाई, बोंब न्हाई. घे."

मग ते डॉक्टरांच्या ओसरीवर चहा प्यायला बसले आणि मी "जरा बघून येते" म्हणून गाडी पंढरपूर रस्त्याला काढली. रस्ता मोकळा होता. तिसऱ्या गिअरमध्ये दाबत गेले. काटा साडेपाच हजार फेऱ्यांच्या पुढं सरकला आणि इतका वेळ देवळात बोलावं तसं बोलणारं ते इंजिन एकदम तालमीत शिरल्यासारखं ओरडलं. कुणीतरी पाठीवर थाप मारून सीटमध्ये दाबून धरलं असं वाटलं. मी एकटीच होते, तरी मोठ्यानं हसले.

परत आले तेव्हा आण्णांनी बशीतला शेवटचा घोट घेतला. "काय? शांत हाय न्हवं?"

"शांत आहे," मी म्हणाले.

गाडी घरी आली, आईनं ओवाळली, आण्णांनी नारळ फोडला. पुढचे पाच महिने मी दर रविवारी "सर्व्हिसिंगला" जात होते. आण्णांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट गाडीची निगा राखणारी पोरगी म्हणून त्यांनी दोन-तीन ठिकाणी माझं नाव काढलं.

सर्व्हिसिंग चालायचं उद्यमनगरात, रियाजभाई मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये. रियाजभाई पन्नाशीचे, कमी बोलणारे, इंजिनाला कान लावून ऐकणारे. पहिल्या दिवशी त्यांनी मला आपादमस्तक बघितलं आणि विचारलं, "ताई, नुसता आवाज पाहिजे का गाडी पाहिजे? आवाजवाले पलीकडच्या बोळात असतात."

"गाडी पाहिजे."

"मग वेळ लागंल."

वेळ लागला. त्यांनी सायलेन्सरचे पाइप नव्यानं वळवले, हवा ओढायची वाट मोकळी केली, आखूड स्प्रिंगा बसवून गाडी चार बोटं खाली आणली. मी प्रत्येक भाग व्हर्नियरनं मोजायची आणि अर्धे परत करायची. रियाजभाई आधी चिडले, मग गप्प झाले, मग इतर गिऱ्हाइकांचे भागही माझ्यासाठी राखून ठेवायला लागले. शेवटी वजनाची गोष्ट निघाली. "ताई, शंभर किलो काढलं की इंजिनाचं घोडं फुकटात वाढतं बघा," ते म्हणाले. मग मागची सीट निघाली, खालचा गालिचा निघाला, टेप निघाला, स्टेपनी निघाली. ती सीट रियाजभाईंनी गॅरेजच्या दाराशी भिंतीला लावली आणि तिथं येणारी गिऱ्हाइकं त्यावर बसून चहा प्यायला लागली.

आणि एका सकाळी कागलच्या मावशीच्या नातवाचं बारसं निघालं.

मला वाटलं होतं आम्ही दोघीच जाऊ. पण आण्णा इस्त्रीचा सदरा घालून, टोपी चढवून तयार. त्यांनी आईसाठी मागचं दार उघडलं. आई पाय आत टाकायला वाकली आणि तशीच थांबली. आत नुसता पत्रा होता.

"सीट कुठाय?" आण्णांनी विचारलं.

"काढलीय. वजन कमी केलं."

"कुणाचं?"

मी पुढचं दार उघडलं. आई पुढं बसली, आण्णा मागं पत्र्यावर, टोपी छताला लागू नये म्हणून मान तिरकी करून. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक होता. चार बोटं खाली आणलेली गाडी त्याच्यावर अशी घासली की शेजारच्या पानवाल्यानं डोळे मिटले. पुढं हायवेला लागल्यावर मी जराशीच दाबली, सवयीनं. सायलेन्सरनं आपलं खरं नाव सांगितलं. मागून आवाज आला, "थांबव."

आण्णा उतरले. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं, आणि एसटीला हात करून कागलला गेले. परतही एसटीनंच आले.

त्यानंतर दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. जे काही असेल ते आईमार्फत. मी समोर भाकरी खात बसलेली असायची आणि ते आईला सांगायचे, "तुझ्या लेकीला सांग, मीठ दे म्हणावं."

एक दिवस म्हणाले, "तुझ्या लेकीला सांग, ह्या घरात येक तर मी ऱ्हाईन, न्हाईतर ती."

"ती म्हंजे कोण? पोरगी?" आईनं घाबरून विचारलं.

"गाडी!"

आई रडली. मी आण्णांसाठी नव्हे, पण आईसाठी कबूल झाले. गिऱ्हाईक आण्णांनीच शोधलं, जयसिंगपूरचा शीतल मगदूम. आमच्याकडच्या जैन घरांत हे नाव मुलग्यांचं असतं. तर हा शीतल चोवीस-पंचवीसचा तरणा पोरगा होता. रविवारी संध्याकाळी पाचला तो गाडी बघायला येणार होता.

"चालेल," मी आईला म्हणाले. "पण त्याच रविवारी सकाळी एक रॅली आहे. तेवढी करते. मग द्या कुणालाही."

रॅलीचं पोस्टर मी गॅरेजच्या भिंतीवर पाहिलं होतं. त्यावर एक गाडी चारही चाकं हवेत टाकून उडत होती. मी त्याच दिवशी फॉर्म भरला होता. बरोबर दुसरं माणूस लागतं, रस्ता वाचून दाखवायला, म्हणून फाउंड्रीतल्या सुवर्णाला तयार केलं होतं.

त्या रविवारी सकाळी सातला शहराबाहेरच्या मैदानावर पोचले तेव्हा तीस-बत्तीस गाड्या लागल्या होत्या. रंगीबेरंगी पट्टे, पंख लावलेली डिकी, आरशासारखी चाकं. माझी पांढरी गाडी त्यात चुकून आल्यासारखी दिसत होती. सुवर्णा रिक्षानं आली. काळा गॉगल लावून.

"अगं, गॉगल कशाला?"

तिनं गॉगल काढला. दोन्ही डोळे टोमॅटोसारखे. "रात्रीपासून आलेत. वाचायला गेलं की पाणी गळतंय. पण येते की मी."

"वाचणार कशी?"

"तेच म्हणते."

मी तिला परत पाठवलं. बरोबर माणूस नसेल तर गाडी सोडायची नाही, असा नियम होता. मी तशीच उभी होते, तेवढ्यात मैदानाच्या कडेला एक ओळखीची बजाज एम-एटी येऊन थांबली. आण्णा. गाडी संध्याकाळपर्यंत धड राहते का, ते बघायला आले होते. इकडं तिकडं बघितलं, आईला शोधलं असावं. आई नव्हती. मग नाइलाजानं थेट मला विचारलं, "ती गॉगलवाली कुठं चालली?"

दोन महिन्यांतलं ते पहिलं वाक्य.

"तिचे डोळे आलेत. आता मला जाता येणार नाही."

"बरं झालं," आण्णा म्हणाले.

तेवढ्यात आयोजक क्लबाचे मेजर इंगवले भोंग्यावर नियम सांगायला लागले. लष्करातून निवृत्त झालेले, मिशा वर वळवलेल्या. "ही वेगाची शर्यत नाही, हे परत एकदा सांगतो! प्रत्येक टप्प्याला सरासरी वेग ठरवून दिलेला आहे. त्याच वेगानं जायचं. वाटेत कुठं चौक्या आहेत ते तुम्हाला माहीत नाही. चौकीवर एक सेकंद उशिरा आलात तर एक गुण दंड. एक सेकंद लवकर आलात तर दोन!"

माझ्या कानावर विश्वास बसेना. मी फॉर्म काढून मागची बाजू बघितली. सगळं तिथं छापलेलं होतं. रोज दुसऱ्यांच्या मालावर फुल्या मारणाऱ्या बाईनं पाच महिने गाडी तयार केली होती आणि कागद उलटून बघितला नव्हता. पहिल्या टप्प्याची सरासरी होती, ताशी छत्तीस.

आण्णा मात्र भोंग्याच्या दिशेनं दोन पावलं पुढं गेले होते.

"म्हंजे येळंवर पोचायचं?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"लवकर बी न्हाई?"

"नाही. लवकर गेलं तर दुप्पट दंड."

"मग ही शर्यत कुठं? ही तर ड्यूटी झाली." त्यांनी जरा विचार केला. "रस्ता कुठला?"

"कळे, साळवण, गगनबावडा आणि परत."

आण्णांनी एम-एटी स्टँडवर लावली, टोपी नीट केली आणि माझ्या गाडीचं डावं दार उघडलं. बसल्यावर बोट वर केलं. "साठच्या वर काटा गेला की मी उतरणार."

"चालत्या गाडीतून?"

"थांबवून."

त्याआधी माझ्या शेजारी ते कधी बसले नव्हते. मी बाजूला बसायची, चालवायचे ते. आता त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळेना. मेजरांच्या माणसानं त्यांना बाणांचं पुस्तक दिलं; कुठं वळायचं ते दाखवणारं. आण्णांनी दोन पानं उलटली आणि ते मांडीखाली घालून त्यावर बसले.

"आण्णा, ते वाचायचंय."

"कशाला? कळ्याचा रस्ता मला बाण दावणार व्हय?"

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. छत्तीसच्या वेगाला किलोमीटरला शंभर सेकंद, हे त्यांनी बसल्या बसल्या काढलं. मग रस्त्याकडेचा एकेक किलोमीटरचा दगड मागं पडला की ते घड्याळ बघायचे आणि सांगायचे, "चार सेकंद फुडं. जरा सैल." किंवा, "दोन मागं. दाब, पण दाबल्यासारखं करू नगंस."

आमच्या मागून सुटलेल्या गाड्या भोंगे वाजवत पुढं निघून गेल्या. एका निळ्या गाडीतल्या पोरानं खिडकीतून ओरडून विचारलं, "काकी, धक्का मारू का?" माझा पाय शिवशिवला. आण्णांनी माझ्या गुडघ्याकडं बघितलं. मी पाय सैल सोडला. पाच किलोमीटर पुढं तीच निळी गाडी एका झाडाआड लपून वेळ काढत उभी होती.

"त्या पोरास्नी चौकी कुठं हाय ते कळंना झालंय," आण्णा म्हणाले.

"आपल्याला तरी कुठं माहीत आहे?"

"फुडच्या वळणावर चिंच हाय. ऊन झालंय. आख्ख्या रस्त्याला तेवढीच सावली. ती माणसं तिथंच असणार."

वळलो. चिंचेखाली टेबल, टेबलाशी दोन माणसं, हातात स्टॉपवॉच. आमचा दंड शून्य.

दुसरी चौकी कुठं असणार तेही त्यांनी आधीच सांगितलं, कारण तिथं चहाची टपरी होती. तीस वर्षं तिकीट तपासणीवाल्यांच्या गाड्या कुठं दबा धरून बसतात ते ओळखलेला माणूस, त्याच्यापासून क्लबाचे मेंबर काय लपणार. तिथंही शून्य. गगनबावड्याला एक सेकंद उशीर. त्या एका सेकंदाचं आण्णांना इतकं वाईट वाटलं की परतीला लागल्यावर दोन मैल ते घड्याळालाच चावी देत बसले.

असळज मागं टाकलं आणि रस्त्याच्या कडेला एका म्हातारीनं हात केला. डोक्यावर गाठोडं, काखेत कोंबडी.

"थांबव," आण्णा म्हणाले.

"आण्णा, आपण एसटी नाही!"

"तिला काय म्हाईत? हात केलाय तिनं."

मी थांबवली. म्हातारीनं खिडकीतून आत वाकून बघितलं. "अगं बया! चौगुले डायवर न्हवं? किती वर्सानं दिसलासा! साळवणला सोडा बाबा. लेक बाळंत झालीया, दवाखान्यात हाय. यष्टी आलीच न्हाई सकाळधरनं."

आण्णांनी उतरून मागचं दार उघडलं. म्हातारीनं आत बघितलं. "आसनं कुठं गेली हिची?"

"वजन कमी केलंय," आण्णा गंभीरपणे म्हणाले. "आता अशाच येत्यात."

त्यांनी आपला हातरुमाल पत्र्यावर अंथरला. म्हातारी बसली. गाठोडं आत घेताना काखेतली कोंबडी सुटली. ती आधी माझ्या डोक्यावर आली, तिथून माझ्या मांडीवर, आणि खिडकीतून शेतात.

"घ्या! बाळंतिणीची कोंबडी गेली!" म्हातारी गाडीतून अर्धी बाहेर आली. "कोंबडीबिगार जाऊन मी काय करू?"

त्यानंतरची मिनिटं मला आठवतात तशी सांगते. बासष्ट वर्षांचे, तीस वर्षं विनाअपघात सेवा केलेले आण्णा बांधावरून उड्या टाकत होते. मी पलीकडून ओढणी पसरून घेरत होते. म्हातारी रस्त्यावरून हुकूम सोडत होती: "डावीकडं! आवं डावीकडं, चौगुले!" त्याच वेळी रस्त्यावरून ती निळी गाडी गेली आणि आतली पोरं बराच वेळ मागं वळून बघत होती. शेवटी कोंबडी उसाच्या सरीत अडकली. आण्णांनी तिला पकडलं, टोपी खाली पडली, ती मी उचलली.

गाडीत बसल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं. चेहरा उतरला.

"सहा मिण्टं गेली."

"जाऊ दे, आण्णा. आज एवढं झालं ते खूप झालं."

"साळवण आठ किलोमीटर. चौकी साळवणच्या वडाखाली असणार. या टप्प्याला चाळीसची सरासरी, म्हंजे बारा मिण्टं. त्यातली सहा गेली." ते पुटपुटत होते. "आठ किलोमीटर सहा मिण्टांत. साठनं न्हाई व्हत. साठनं आठ मिण्टं लागत्यात."

मी गाडी चालू करून नुसती बसले. त्यांच्याकडं बघत होते. एका बाजूला साठ, दुसऱ्या बाजूला वेळ. ज्या दोन गोष्टी त्यांनी जन्मभर बरोबरीनं पाळल्या त्या पहिल्यांदाच आमनेसामने आल्या होत्या, आणि आण्णा मध्ये बसले होते, मांडीवर कोंबडी घेऊन.

"साळवणला मी कधी उशिरा गेलेलो न्हाई," ते शेवटी म्हणाले. मग मागं वळले. "आक्का, घाबरणार न्हाई न्हवं?"

"मी?" म्हातारी म्हणाली. "तुमच्या गाडीच्या टपावर बसून जत्रंला गेलीया मी."

आण्णांनी कोंबडी तिच्याकडं दिली. पुढं बघितलं. "आज रविवार हाय, शाळंपाशी कोण नसणार. पयला पूल अरुंद हाय. तीन वळणं हायती, दुसरं फसवं. मी सांगीन तिथं सोडायचं, सांगीन तिथं दाबायचं. काय?"

"काट्याचं काय?"

"मला डोळं दोनच हायत. घड्याळ बघू का काटा?"

मी दुसरा गिअर टाकला. तिसरा. साठ मागं पडलं, सत्तर, ऐंशी. आण्णांचा उजवा पाय पत्र्यावर दाबला गेला. तिथं ब्रेक नव्हता. मग फेऱ्यांचा काटा साडेपाच हजारांवर गेला आणि गाडीनं गळा मोकळा केला. आण्णा सीटमध्ये मागं ढकलले गेले.

"हे काय झालं?"

"हीच ती गाडी, आण्णा."

"आनि हाय का?"

"आहे."

"मग ठेवलीयास कुणासाठी?"

मागून म्हातारी आनंदानं ओरडली, "आता कशी पळाय लागली यष्टी!"

आण्णा सांगत गेले. "सोड. पूल. आता दाब. वळणाआधी ब्रेक, आधी, आधी, वळणात न्हाई. सोड. घे आता." रस्त्यावरचा एकेक खड्डा त्यांच्या ओळखीचा होता. कुठं डांबर उजवीकडं खचलंय, कुठं बैलगाडी शेतातून बाहेर पडते, सगळं ते वाचत होते, डोळे घड्याळावर ठेवून. मी त्यांच्या आवाजावर गाडी ठेवली. फसवं वळण आलं, त्यांनी "आत्ता" म्हणायच्या आधीच मी ब्रेक सोडून गाडी आत घातली होती.  पुढचं वळण त्यांनी सांगितलंच नाही.

साळवणचा वड, वडाखाली टेबल. थांबलो. टेबलावरच्या माणसानं स्टॉपवॉच दाबलं, कागदावर आकडा घातला. दोन सेकंद उशीर. मग त्यानं आत वाकून बघितलं.

"हे कोण?"

"म्या," म्हातारी म्हणाली. उतरताना तिनं कमरेची पिशवी सोडली. "तिकीट किती झालं, चौगुले?"

"आक्का, आज फुकट."

"देव भलं करो. आनि ऐका, आसनं तेवढी बसवा हिला."

मैदानावर निकाल लागला तेव्हा दुपार झाली होती. बत्तीस गाड्यांत सगळ्यात कमी दंड आमचा होता, तीन सेकंद. निळ्या गाडीचा दोनशे बारा. मेजर इंगवल्यांनी आम्हाला टेबलापाशी बोलावलं, मिशीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "चौगुले, तुमच्या गाडीत तिसरी व्यक्ती होती. नियमानं गाडी बाद होते. मला वाईट वाटतं."

मी भांडायच्या तयारीत पुढं झाले. म्हातारी होती, लेक बाळंत होती, एसटी आली नव्हती. आण्णांनी मला हातानं मागं सारलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "नियम मोडला. कागद द्या, खुलासा लिवून देतो."

"त्याची गरज नाही."

"गरज हाय. बाद का झाली ते कागदावर पायजे."

आणि उभ्या उभ्या त्यांनी फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'सदर प्रवासी वृद्ध असून सोबत एक कोंबडी होती. अन्य वाहन उपलब्ध नसल्याने घेण्यात आले. गाडीस साळवण येथे दोन सेकंद उशीर झाला, त्यास सर्वस्वी मी जबाबदार आहे.' खाली सही आणि त्यांचा जुना बिल्ला नंबर. मेजरांनी तो कागद दोनदा वाचला आणि उभं राहून आण्णांचा हात हातात घेतला.

घरी आलो. पाच वाजता शीतल मगदूम हजर. दारात गाडी बघूनच त्याचे डोळे चमकले.

आण्णा ओसरीवरून उठले. "बघ बाबा, आधीच सांगतो. मागं सीट न्हाई."

"भारी!" शीतल म्हणाला.

"गतिरोधकाला घासती."

"म्हणजे खाली घेतलीय! चांगलं केलंय काका."

"आवाज करती. गाव जागं हुतंय. पोलीस आडवत्यात. पेट्रोल घरातल्या दुधापेक्षा जास्त लागतंय."

"काका, मला हीच पाहिजे. आजच नेतो."

आण्णा सांगतील तो प्रत्येक दोष त्या पोराला गुण वाटत होता. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. मी शब्द दिला होता, तोंड उघडायचा मला हक्क नव्हता. आण्णांनी माझ्याकडं एकदा बघितलं, मग चावी त्याच्या हातात दिली. "चल, चालवून दाव."

दोघं गेले. आई आत पाणी गरम करायला लागली, मी ओसरीवरच बसले. पंधरा मिनिटांनी गाडी परत आली. शीतल उतरला तो रडकुंडीला आलेला.

"काका, जास्त देतो की. तुम्ही सांगाल तेवढे."

"पैशाचं न्हाई रे पोरा. तुला द्यायची न्हाई."

"पण का?"

"तू वळणात ब्रेक मारतोस."

शीतल बराच वेळ विनवण्या करून गेला. आण्णा पाय धुवून ओसरीवर बसले. आईनं बाहेर येऊन विचारलं, "विकली का न्हाई?" त्यांनी नुसती मान हलवली. आई माझ्याकडं बघायला लागली, मी आण्णांकडं.

एसटीत शेवटची आठ वर्षं ते नव्या ड्रायव्हरांना शिकवायचे. शेकडो पोरं त्यांच्या हाताखालून गेली. कुणी चांगलं चालवतो असं त्यांनी कधी म्हटलेलं कुणाला आठवत नव्हतं. फक्त कोण काय चुकतो ते सांगायचे. मी सव्वीस वर्षांची झाले तरी माझ्याबद्दल त्यांनी तेवढंही कधी सांगितलं नव्हतं.

"आण्णा," मी विचारलं, "आणि मी? मी ब्रेक कुठं मारते?"

त्यांनी विचार केला. बराच केला.

"तू उशिरा मारतीस," ते म्हणाले.

मी मान खाली घातली.

"पण वळणाआधी, सरळीत मारतीस," असं म्हणून ते आत गेले, आणि आईला त्यांनी सांगितलं, पोरगीला आधी वाढ, सकाळपासून उपाशी हाय.